पैसे मागितले तर पुढचं काम जाईल का?

फ्रीलान्सिंग करणारी बरीच पोरं माझ्याकडे समुपदेशनाला येतात आणि कधी ना कधी एक प्रश्न विचारतातच, की ताई बिल थकलंय, पण जास्त मागे लागले तर पुढचं काम द्यायचे नाहीत, मग काय करू? त्यावर मेघनाची गोष्ट सांगते (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहितीये).

मेघना इंटिरिअर डिझायनर, धायरीत राहते, बाणेरच्या एका फर्मला घरूनच वर्किंग ड्रॉइंग करून द्यायची. १२ जुलैला ८४,००० चं बिल पाठवलेलं, नोव्हेंबर निम्मा झाला तरी पत्ता नाही. माझ्याकडे आली होती झोप लागत नाही म्हणून, पैशाचा विषय निघाला तिसऱ्या भेटीत, तोही जाता जाता चपला घालताना. मी तिला परत बसवलं, म्हटलं फोन काढ, काय काय मेसेज केलेस ते दाखव. अकरा मेसेज होते. अकराच्या अकरा "सॉरी सर, डिस्टर्ब करतीये" ने सुरू होणारे, आणि एकातही बिल नंबर नाही, तारीख नाही, रक्कम नाही. तिकडून उत्तरं नेहमीचीच, अकाउंट्सला सांगितलंय, साहेब बाहेरगावी आहेत, दिवाळी होऊ दे.

मला फार वाईट वाटलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून केलेल्या कामाचे पैसे मागताना ही पोरगी माफी मागत होती. "पैशाचं काय एवढं, माणसं जोडावीत" हे आपल्या घरात ऐकतच आपण मोठे होतो, आणि जोडावीतच माणसं, पण हप्ता ५ तारखेला जातो तो जातोच ना.

मग मी तिला सांगितलं की आधी तुझं २६एएस बघ, म्हणजे तुझ्या पॅनवर कोणी किती टॅक्स भरलाय ते दाखवणारा इन्कम टॅक्सचा तक्ता. फर्मनी बिल खात्यात धरलं की पैसे द्यायच्या आधीसुद्धा टीडीएस, म्हणजे तुझ्या बिलातून कापलेला टॅक्स, तुझ्या नावावर भरावा लागतो, आणि तो तिथे दिसतो. दिसला! ८,४०० भरलेले. म्हणजे बिल कधीच मंजूर झालेलं, ७५,६०० तेवढे अडकवून ठेवलेले. तिथेच बसून आम्ही मेसेज लिहिला: "सर, १२ जुलैचं बिल, ८४,०००. टीडीएस तुम्ही भरलाय, राहिलेले ७५,६०० शुक्रवारपर्यंत द्या किंवा नक्की तारीख लेखी कळवा." सॉरी नाही, प्लीज नाही. पाठवताना तिचा अंगठा थरथरत होता. पैसे दोन हप्त्यांत आले. आणि हो, त्या फर्मकडून नंतर काम आलं नाही, हे मी लपवणार नाही, पण चार-चार महिने पैसे न देणारं काम गेलं याला काम गेलं म्हणायचं का, हे तिलाच ठरवायला सांगितलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, तिची नव्हती, ती करून घेतली, फुकट असते, आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते. ही काम घेण्याआधीच करा, नंतर केली की जुन्या बिलांवरून वाद होतात. ती असली की २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे मुदत लेखी ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानी चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून असंही झालंय की ही मुदत चुकवली तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी टॅक्समधून वजा करता येतो. त्यांच्या अकाउंटंटला हे माहीत असतं, फक्त तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळलं पाहिजे.

पण खरं काम होतं बोलायची प्रॅक्टिस करण्याचं. दोन भेटी मी क्लायंट झाले आणि ती रेट सांगायची. तिची सवय अशी की आकडा सांगितला आणि समोरचा गप्प बसला की घाबरून स्वतःच कमी करायची, "नाहीतर बघा, थोडं ॲडजस्ट करू." मी म्हटलं आकडा सांगितलास की मनात दहापर्यंत मोज, तोंड उघडायचं नाही.

जानेवारीत पिंपळे सौदागरचं एक काम आलं. तिनी सांगितलं, ४० टक्के ॲडव्हान्स, ४० पहिल्या ड्रॉइंग सेटला, आणि कॅडची ओपन फाईल (जिच्यात बदल करता येतात ती मूळ ड्रॉइंग फाईल) शेवटचे २० आल्यावर, तोपर्यंत पीडीएफ. क्लायंट म्हणाला ॲडव्हान्सची आमच्यात पद्धत नाही. ती मोजत राहिली, सातपर्यंत पोचली होती म्हणे, तेवढ्यात तोच म्हणाला, बरं, तीस देतो. तिनी तिथल्या तिथे ते मेलवर टाकलं, त्याचं "ओके" आलं, दोन दिवसांनी पैसे जमा झाले आणि मग तिनी लॅपटॉप उघडला.