भर युद्धात मनोविकारांच्या संशोधनसंस्थेला पैसा देतं कोण?

तुमचा प्रश्न असा, की लोक उपाशी असताना, युद्ध चालू असताना, सरकार अशा संस्थेला पैसे कसं देतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या म्युनिकमध्ये अशी संस्था उभी राहिली, तिला तरी सरकारने ते पुरवले नाहीत. मी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. आमच्या केसपेपरवरच्या निदानांच्या मुळाशी जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी केलेली मनोविकारांची विभागणी आहे, आणि ही संस्था त्यांनीच काढली, म्हणून हा इतिहास मी मन लावून वाचला.

क्रेपेलिनना संस्था युद्धाआधीपासूनच हवी होती, पण सरकारदरबारी डाळ शिजेना. शेवटी पैसा आला खाजगी तिजोऱ्यांतून. जेम्स लोब यांनी पाच लाख मार्क दिले. न्यूयॉर्कच्या बँकर घराण्यातला हा ज्यू माणूस बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, राहत होता आणि स्वतः क्रेपेलिन यांचा रुग्ण होता. तोफा ओतणाऱ्या क्रुप यांनीही हातभार लावला. फेब्रुवारी १९१७ मध्ये बव्हेरियाच्या राजाने मंजुरी दिली. दोन महिन्यांत अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, तरी लोब मागे सरले नाहीत. एप्रिल १९१८ मध्ये काम सुरू झालं.

मला खुपते ती पैसे मागतानाची भाषा. मनोविकार म्हणजे राष्ट्राच्या ताकदीला लागलेली गळती, असा सूर. क्रेपेलिन कट्टर राष्ट्रवादी. इंग्लंडला पुरतं नमवल्याशिवाय तह नको म्हणणाऱ्यांत ते पुढे होते. १९१६ मध्ये म्युनिकलाच मनोविकारतज्ज्ञांची परिषद भरली. अंगाला कंप सुटलेल्या, वाचा गेलेल्या सैनिकांना पेन्शन दिली तर ते बरेच होणार नाहीत, असा तिथला कौल. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जर्मनीत बटाटे संपले, लोक सलगमांवर जगले. मनोरुग्णालयांतल्या माणसांच्या ताटात तेही धड पडेना. त्या युद्धात जर्मनीच्या मनोरुग्णालयांत सुमारे ७०,००० रुग्ण भूक आणि भुकेपाठच्या आजारांनी गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. वॉर्डात जेवण वाटप मी रोज पाहते. हा आकडा वाचून त्या दिवशी घास उतरला नाही.

संस्थेतला आनुवंशिकतेचा विभाग सुरुवातीपासून एर्न्स्ट र्‍युडिन यांच्याकडे होता. १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यावरचं भाष्य लिहिणाऱ्यांत हेच र्‍युडिन, आणि तोवर संस्थेचे प्रमुखही तेच झाले होते. पहिल्या विभागप्रमुखांपैकी फेलिक्स प्लाउट ज्यू होते. ज्यू देणगीदाराच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या संस्थेतून १९३५ मध्ये त्यांना काढलं गेलं.