अपोफिस हा लघुग्रह (अवकाशातला मोठा दगड) २०२९ मध्ये खरंच पृथ्वीवर आदळणार आहे का?

नाही हो, निवांत राहा. व्हॉट्सॲपवर फिरतंय ते डिसेंबर २००४ मधलं जुनं गणित आहे, तेव्हा शोध लागून सहाच महिने झालेले, निरीक्षणं कमी, त्यामुळे धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती खरी. नंतर डेटा येत गेला तशी ती बाद झाली आणि २०२१ मध्ये नासाने रडारने मोजून सांगितलं की पुढची १०० वर्षं तरी टेन्शन नाही.

जवळून मात्र जाणार, आणि भलतंच जवळून! जमिनीपासून साधारण ३२,००० किमी, म्हणजे डिश टीव्हीवाले सॅटेलाइट ३६,००० वर असतात त्यांच्याही आतून. आपल्या घड्याळात तेव्हा १४ एप्रिलच्या पहाटेचे सव्वातीन वगैरे.

खरी मजा कक्षेत आहे. सध्या हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा दगड सूर्याभोवती ३२४ दिवसांत फेरी मारतो, पण त्या रात्री पृथ्वीच्या ओढीने कक्षाच मोठी होणार आणि मग एका फेरीला वर्षापेक्षा जास्त वेळ लागणार. हे बघायलाच तर नासाचं ओसायरिस-एपेक्स यान तिकडे निघालंय.