बारावीपर्यंत हुशार, मग एम-वनला बॅक कशी?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, एम-वन म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात नापास होऊन बॅक लागली, की पुढचे पंधरा दिवस नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य ऐकू येतं. कधी आई म्हणते, कधी वडील, कधी मान खाली घालून मुलगा स्वतःच: 'बारावीपर्यंत गणित चांगलं होतं हो.' त्यात इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं जास्त घाबरलेली असतात. त्यांचं गणित एम-वनपाशी थांबत नाही, सर्किटच्या प्रत्येक पेपरात ते पुन्हा समोर येतं. 'ब्रँच बदलून कॉम्प्युटरला टाकू का?' हा प्रश्न ठरलेला. एम-वन तिथेही असतं, हे सांगितलं की खोलीत शांतता पसरते.

अशा अनेकांपैकी एकाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्याला अनिकेत म्हणू. वडिलांचं कूलर दुरुस्तीचं आणि मोटर वाइंडिंगचं दुकान. पहिल्या दिवशी बोलले ते वडीलच.

"पोट्टा सीईटीत गणितात चमकला होता ना जी. आता काहून असं होऊन राहिलं? मोबाइल तर मी काढून घेतला."

अनिकेत भिंतीकडे बघत होता. वडिलांना बाहेर बसवलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी हुशार नव्हतोच. बारावीत लक लागला होता."

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल करते. श्वासाचा सराव, झोपेच्या वेळा, अभ्यासाचं वेळापत्रक. सगळं त्यानं नीट वहीत लिहून घेतलं आणि काहीच केलं नाही. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "गणित सुटत नाही तेव्हा तू नेमकं काय करतोस?"

"दोन मिनिटं बघतो. नाही जमलं तर यूट्यूबवर सोल्यूशन. नाहीतर मित्राच्या मोबाइलवर."

"दोनच मिनिटं का?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "त्याहून जास्त लागलं म्हणजे येत नाही ना, मॅडम."

इथे माझे कान टवकारले. राज्याच्या सीईटीत गणिताचे 50 प्रश्न आणि 90 मिनिटं. भागाकार केला तर एका प्रश्नाला 1 मिनिट 48 सेकंद. दोन वर्षं या मुलांना तेवढ्यात पर्याय खोडायला, शॉर्टकट मारायला आणि अडलं की पुढच्या प्रश्नावर उडी मारायला शिकवलेलं असतं. त्या परीक्षेपुरतं ते बरोबरच. पण 'लवकर आलं म्हणजे हुशार' हे समीकरण नकळत पक्कं होतं. पुढे विद्यापीठाचा पेपर समोर येतो, त्यात पर्याय नसतात, पानभर पायऱ्या लिहाव्या लागतात. तिथे हाच मुलगा तिसऱ्या मिनिटाला स्वतःला ढ ठरवून मोकळा होतो. गणित सोडवायच्या आधीच तो निकाल लावून बसलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या परंपरेत शिकले असल्यानं मला अशा वाक्यांतला हट्टाचा 'च' लगेच ऐकू येतो. यायलाच हवं. लगेचच यायला हवं. मराठीत हे एवढंसं अक्षर फार दांडगाई करतं. पण अनिकेतला हे तत्त्वज्ञान सांगून उपयोग नव्हता. तेही त्यानं वहीत लिहून घेतलं असतं.

चौथ्या भेटीला त्याला एम-वनची वही आणायला सांगितली. संमिश्र संख्यांचं पान उघडलं. 3 + j4. आम्ही शाळा-कॉलेजात i लिहायचो, तर तो म्हणाला, "आमच्यात i म्हणजे करंट, म्हणून j." पाच सेकंदांत त्यानं परिमाण 5 आणि कोन 53.13 अंश काढला.

"हे तर आलं की तुला. आता मला समजाव. j म्हणजे काय?"

"उणे एकचं वर्गमूळ. काल्पनिक संख्या."

"काल्पनिक आहे, मग इलेक्ट्रिकलवाल्यांना कशाला लागते?"

तो गप्प झाला. मीही गप्प बसले, आणि समुपदेशकाला ते सोपं जात नाही. मदत करायला जीभ शिवशिवते. मी घड्याळ बघून ठेवलं. त्यानं पेन टेबलावर आपटलं, खिडकीबाहेर बघितलं, 'माहीत नाही' म्हणाला. मी नुसती मान हलवली. मग त्यानं कागदावर एक बाण आडवा काढला, तो उभा केला, मग आणखी वळवून उलटा केला. बाणांकडे बघतच राहिला.

"मॅडम, j नं गुणलं की नव्वद अंशांत वळतं. दोनदा गुणलं की पूर्ण उलटं. म्हणून j चा वर्ग उणे एक!" आणि मग एकदम, "कंडेन्सर!"

"काय?"

"बाबांच्या दुकानात येतं ना, कूलर घुं घुं करतो पण फिरत नाही. काडीनं पातं ढकललं की चालू. कंडेन्सर गेलेला असतो. एका फेजवर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी मागेपुढे होतं, फिरत नाही. म्हणून दुसरं वाइंडिंग देतात, त्याला कंडेन्सर लावतात, मग त्यातला करंट पहिल्याच्या पुढे जातो. वाइंडिंगला अधिक j, कंडेन्सरला उणे j. हे काल्पनिक कुठे आहे? मी हातानं बदलतो हे!"

मला अर्धंच समजलं. (मी कलाशाखेची. नंतर शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांकडून नीट समजून घेतलं. एसी म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची आकडेमोड संमिश्र संख्यांनी करायची रीत चार्ल्स स्टाइनमेट्झनं 1893 मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडली, हेही त्यांच्याकडूनच कळलं. स्टाइनमेट्झ मुळात गणिताचा विद्यार्थी.) पण मला हवं होतं ते वेगळंच.

"किती वेळ अडकला होतास?"

"अर्धा तास तरी."

"साडेचार मिनिटं."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. दोन वर्षांत एकाही गणितासमोर तो साडेचार मिनिटं थांबला नव्हता, आणि पहिल्यांदा थांबला तेव्हा ते अर्ध्या तासाएवढं जड गेलं. इतक्या वर्षांत मी बरीच तंत्रं वापरली, पण त्या दिवशीचं माझं गप्प बसणं मला सगळ्यांत जमलेलं काम वाटतं.

पुढचं काम साधं होतं, आणि आता बहुतेकांना मी तेच देते. रोज एकच गणित, वीस मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुटलं पाहिजे ही अट नाही, वीस मिनिटं खुर्चीत बसायचं एवढीच अट. अडलं तिथे रेघ मारायची आणि का अडलं ते एका ओळीत लिहायचं. सरांकडे 'समजलं नाही' म्हणून जायचं नाही. 'इथपर्यंत आलो, पुढे का जात नाही?' असं विचारायचं. मुलं सांगतात की असं विचारल्यावर तेच सर वेगळे वागतात. पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे अर्धवट गणितही कोरं सोडायचं नाही.

आईवडिलांना एकच विनंती. 'बारावीत कसं आलं होतं?' हे विचारणं बंद करा. त्या प्रश्नातून मुलाला 'तू तेव्हा फसवलंस' एवढंच ऐकू येतं.

सगळ्यांना हे लागू नाही. काहींची बैजिक राशी, त्रिकोणमिती खरंच कच्ची असते. त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या शिकवणीची गरज आहे. आणि मूल खात-झोपत नसेल, जगण्यात रस नसल्यासारखं बोलत असेल, तर गणित बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

अनिकेतची बॅक निघाली, काठावर. वडील पेढे घेऊन आले, आणि माझ्या खोलीतला कूलर आवाज करतोय म्हणून कान देऊन उभे राहिले. अनिकेत त्यांच्या मागे होता, हातात एम-टूची वही.

"मॅडम, कालपासून एक गणित अडलंय," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं झाली. अजून बघून राहिलो."