फोनवर वाय-फाय चालतं, लॅपटॉपवर मात्र ‘नो इंटरनेट’. बेडरूममध्ये त्रास जास्त. दुकानदार वाय-फाय कार्ड बदला म्हणतो. बदलू का?

एवढ्यात नका बदलू. लॅपटॉपला तुमच्या वाय-फायचं नाव दिसतंय, पासवर्डही घेतला जातोय, म्हणजे कार्ड राउटरशी बोलतंय. कार्ड मेलेलं असतं तर नावांची यादीच आली नसती. मी नागपूरला बर्डीत लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो. कार्ड विकलं गेलं तर आमचा फायदाच, तरी सांगतो.

आधी फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. चाललं तर कार्डावरचा संशय जवळजवळ मिटला. फक्त विंडोजमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजका डेटा असलेलं) करून घ्या, नाहीतर अपडेट तुमचा दिवसभराचा डेटा गिळून बसेल.

आता भांडण उरलं लॅपटॉप आणि राउटरमधलं. घरच्या वाय-फायला परत जोडा, कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची काळी खिडकी) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड द्या आणि आयपीव्ही४ समोरचा आकडा वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला नेटवर्कवरचा पत्ताच (आयपी) दिलेला नाही. विंडोजने वाट पाहून पाहून स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, लॅपटॉपमध्ये ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयपी सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना, तेही पाहा. तिथे कोणीतरी हाताने आकडे भरून ठेवलेले असतात आणि घरी आल्यावर तेच आडवे येतात.

आकडा १९२.१६८ असा काही असेल तर पत्ता बहुतेक ठीक आहे. मग त्याच खिडकीत ‘ping 8.8.8.8’ टाइप करून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर येतं पण साइट उघडत नाही, तर घोळ डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तोच ८.८.८.८ टाका. उत्तरच येत नसेल तर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) असेल तर ते आणि अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहा. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण सेव्ह केलेले वाय-फायचे सगळे पासवर्ड त्यात जातात.

बेडरूममध्ये त्रास जास्त होतो असं तुम्ही लिहिलंय. नागपूरचा उन्हाळा, म्हणजे दारात नाहीतर खिडकीत कूलर असणारच. तो राउटर आणि लॅपटॉपच्या मधोमध येत असेल तर तिथेच गोम आहे: पत्र्याचं अंग लहरी परतवतं, टाकीतलं पाणी आणि ओल्या ताट्या उरलेल्या शोषतात. फोन तुम्ही हॉलमध्ये तपासता, लॅपटॉप घेऊन बसता आतल्या खोलीत, आणि दोष जातो लॅपटॉपच्या माथी! दोन्ही एकाच टेबलावर ठेवून पाहा. राउटर टीव्हीमागून काढून उंचावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क भिंतीपलीकडे लवकर दम तोडतं, त्यामुळे आतल्या खोलीत २.४ वालं जोडा.

मधेमधेच तुटत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपमधल्या भागांची यादी) वाय-फाय अडॅप्टरच्या, म्हणजे त्याच कार्डाच्या, ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जा आणि वीज वाचवायला अडॅप्टर बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, तिची टिक काढा.

हॉटस्पॉटही लागला नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्येही कार्ड दिसत नाही, तर मात्र दुकान गाठा. आणि एक आठवून पाहा, इतक्यात कोणी एसएसडी किंवा रॅम टाकायला लॅपटॉप उघडला होता का? कार्डाला अँटेनाच्या दोन बारीक वायरी असतात, बहुधा एक काळी, एक पांढरी. टोकाला ज्वारीच्या दाण्याहूनही लहान पितळी टोपी, वरून दाबून बसवायची. ती निसटली की राउटरला खेटून बसल्यावर वाय-फाय लागतं, चार पावलं सरकलं की गायब. कार्ड विकत घेण्याआधी मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा आणि त्या टोप्या दाबून बसवायला सांगा.