बाबूला त्याच्याच घरात राहू द्या, पण तयारी यंदापासून

ताई, आम्ही देवगड तालुक्यातले. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वय 68. धाकटा मुलगा बाबू 29 वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः करतो. आंब्याच्या दिवसांत पेट्यांत पेंढा भरून देतो. पैशांचा हिशेब येत नाही, गॅसला मी हात लावू देत नाही. गेल्या पावसाळ्यात यजमानांना हार्ट अटॅक आला, आम्ही कोल्हापूरला दवाखान्यात होतो. बाबूला चुलत्यांकडे ठेवलं आणि बाबा कामाला गेलेत असं सांगितलं. तो रोज संध्याकाळच्या एसटीला तिठ्यावर जाऊन उभा राहायचा. मोठा मुलगा डोंबिवलीला दोन खोल्यांत राहतो. तो म्हणतो, घर आणि आंब्याची कलमं माझ्या नावावर करा, बाबूला मी बघतो. शेजारी म्हणतात, संस्थेत ठेवा. बाबूला विचारलं तर म्हणतो, "मी हयच रवतलंय." आमच्या माघारी त्याचं कसं होणार?
– बाबूची आई

बाबूच्या आई,

सगळ्यांनी आपापलं मत दिलं, पण राहायचं ज्याला आहे त्याने स्वच्छ सांगितलंय. म्हणून मी त्याचंच म्हणणं धरून लिहिते. बाबू तुमच्या घरात, त्याच वाडीत राहू शकेल अशी व्यवस्था करता येते. एकटा नाही. सकाळी येऊन जाणारं कुणी, रात्री सोबतीला कुणी, आणि पैशांवर नजर ठेवणारं तिसरंच कुणी. ही माणसं तुम्ही दोघं हिंडतीफिरती असतानाच जमवायची. तुमच्या माघारी एका दिवसात हे कुणालाही जमणार नाही.

आधी त्या एसटीबद्दल बोलू, कारण माझं मन तिथेच अडकलं. बाबूला त्रास नको म्हणून तुम्ही खोटं सांगितलंत, हे मला समजतं. पण तो रोज तिठ्यावर जात होता, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलं होतं. फक्त काय ते कुणी सांगत नव्हतं. पुढच्या वेळी सांगा. "बाबांच्या छातीत दुखतंय, डॉक्टर औषध देतायत, आपण फोनवर बोलू," इतकंच, त्याला कळेल अशा शब्दांत, आणि खरोखर फोन लावून द्या. शक्य असेल तर एकदा दवाखान्यात नेऊन दाखवा. आणि कधीतरी मरणाबद्दलही बोलावं लागेल. वाडीत कुणी गेलं की त्याला घरात बसवून ठेवू नका, तुमच्याबरोबर न्या. आईबापांचं जाणं त्याच्या वाट्याला येणारच आहे. त्या दिवशी तो घरात एकटाच अंधारात असू नये.

आता रोजचं जगणं. गॅसला हात लावू देत नाही म्हणता. नका लावू देऊ, पण इंडक्शनची शेगडी आणा आणि चहापासून सुरुवात करा. सगळा चहा एकदम शिकवू नका. पहिले काही दिवस त्याने फक्त कपाने पाणी मोजून टोपात ओतायचं, बाकी तुम्ही. ते अंगवळणी पडलं की साखर. मग बटण. जे बटण दाबायचं त्यावर लाल टिकली चिकटवा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून, छापून, ओट्यावरच्या भिंतीला ओळीने लावा. तो पाण्याचा कप भरून थांबेल, तुमच्याकडे बघेल, तुमचा हात आपोआप पुढे जाईल. तेव्हा हात मागे घ्या आणि फोटोकडे बोट दाखवा. मला वाटतं, यात बाबूपेक्षा तुम्हालाच जास्त शिकावं लागेल. जो मुलगा पेटीत पेंढा नीट बसवतो त्याच्या हाताला अंदाज आहे, क्रम कळतो. हापूस दबला तर वाया जातो, ते काम तुम्ही त्याच्यावर सोपवलंच आहे ना?

गोळ्यांसाठी सात खणांची डबी. पैशांसाठी हिशेब यायलाच हवा असं नाही. रोजच्या खर्चाचं वेगळं पाकीट, त्यात त्या दिवसापुरतीच नोट, आणि वाण्याकडे नावाची वही. मोबाइलवर चार माणसांचे फोटो, बोट लावलं की फोन लागेल असे. पावसात लाईट जाते तेव्हा काय करायचं, विहिरीच्या कठड्याकडे रात्री का जायचं नाही, घरात साप निघाला तर बाहेर येऊन कुणाला हाक मारायची, हे शब्दांनी सांगून पुरत नाही. त्याच्याबरोबर उभं राहून पुन्हा पुन्हा करून घ्या.

मोठ्या मुलाबद्दल. तो मनापासून बोलतोय असंच मी धरते. पण घर आणि कलमं त्याच्या नावावर करू नका. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की साधारणपणे परत फिरवता येत नाही, आणि उद्या त्याच्यावर कर्ज झालं, आजार आला, तोच आधी गेला, तर बाबूचं छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर राहील. शिवाय मिळकत वडिलोपार्जित एकत्र असेल तर बाबूचाही तिच्यात जन्मापासून हिस्सा असतो. अपंगत्वामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 28 व्या कलमात ते स्पष्ट आहे. आधी सातबारा काढून बघा. आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासूनची नावं सामाईकात पडून असतात. तसं असेल तर आधी वाटप, मग पुढचं.

मी तुमच्या जागी असते तर वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतलं असतं आणि त्यातूनच बाबूसाठी खाजगी न्यास, म्हणजे ट्रस्ट, उभा केला असता. घरात त्याला हयातभर राहण्याचा हक्क. कलमं दरवर्षी कराराने द्यायची आणि ते पैसे न्यासाच्या खात्यात. विश्वस्त तीन: मोठा मुलगा, तुमच्या माहेरचं कुणी भरवशाचं, आणि नात्याबाहेरचं एक माणूस. कुणी एकट्याने सही करून पैसे काढू शकणार नाही असं लिहून घ्या. यात मोठ्यावर अविश्वास नाही, त्याच्या खांद्यावरचं ओझं यामुळे हलकं होतं. त्याला एवढंच विचारा: बाबूला मंगळवारी सकाळी ताप आला तर डोंबिवलीहून तू काय करशील? आणि सुनेला वेगळं विचारा. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्या तिच्याही आहेत.

आता कागद. बाबू 18 वर्षांचा झाला तेव्हापासून कायद्याच्या नजरेत तुम्ही आपोआप त्याचे पालक नाही. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तुमच्यासाठी ते जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसलाच. पालक म्हणून नेमलेल्या माणसाने 6 महिन्यांत मिळकतीची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब. मला हा कायदा आवडतो तो याच हिशेबासाठी. याच कायद्याखालच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. बाबूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर तिथून सुरुवात करा. पुढे सगळीकडे तेच मागतात.

यजमानांच्या पेन्शनचं तर आजच बघा. कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार आईवडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण ती नोंद यजमान हयात असताना, त्यांच्या सहीने झालेली बरी. जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागेल. आईबाप गेल्यावर हे कागद जमवताना भावंडांची दमछाक होते. याच पेन्शनमधून सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या बाईला पगार देता येईल. पगार द्याच. वाडीतली माणसं मायेने करतात, पण फुकटची माया कितीही खरी असली तरी भातलावणीच्या दिवसांत तिला वेळ नसतो.

शेजाऱ्यांचा संस्थेचा सल्ला झिडकारू नका. मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज आहे, बदलापूरला पालकांनीच उभी केलेली आधार आहे. प्रौढ मुलं तिथे राहतात, काम करतात. जवळचं म्हणाल तर रत्नागिरीत आविष्कार संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा आहे, मोठ्या मुलांना तिथे कामं शिकवतात. बाबूला घेऊन एकदा बघून या. दुसरा पर्याय माहीत असावा. मात्र आई गेली, त्याच आठवड्यात गाव, भाषा, अंथरूण सगळंच गेलं, असं त्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. जायचंच ठरलं तर आधी चार दिवस, मग महिना, तुम्ही भेटायला जाऊ शकता तोवर.

एक गोष्ट डॉक्टरांशी बोला. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड, कान आणि डोळे नेमाने तपासावे लागतात, आणि चाळिशीपासून पुढे विसरभोळेपणाचा आजार इतरांपेक्षा लवकर दिसू शकतो. आज तो जे स्वतः करतो ते पन्नाशीत करेलच असं नाही. म्हणून न्यासाच्या कागदात मदत वाढवायची सोय ठेवा.

गणपतीत सगळे घरी येतील. गौरी जेवल्या की सगळ्यांना ओटीवर बसवा, बाबूलाही, आणि त्याच्यादेखत बोला. कुणी त्याच्याबद्दल "त्याला काय कळतंय" म्हणालं तर तिथेच थांबवा. मग पाऊस उघडला की पहिली रात्र: तुम्ही दोघं जाऊबाईंकडे झोपायला जा, बाबू घरी, सोबतीला ठरवलेलं माणूस पडवीत. सकाळपर्यंत परत येऊ नका. काय अडलं ते दुसऱ्या दिवशी बाबूलाच विचारा. पुढच्या वेळी दोन रात्री. हे जमलं की यजमानांना घेऊन डोंबिवलीला आठवडाभर राहून या. निघताना बाबूला तारीख सांगा, कॅलेंडरवर खूण करा आणि त्याच दिवसाच्या एसटीने परत या.