आरती येते, पण पाणी मागता येत नाही

प्रश्न : सासऱ्यांना आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. आपलं बोलणं त्यांना कळतं, पण शब्द सुटत नाहीत. आरती मात्र सगळ्यांबरोबर अख्खी म्हणतात. भजनी मंडळात बसवलं तर वाचा परत येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसतं बसवून येणार नाही, तरी बसवाच. हा वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडणं. शब्द शोधून वाक्य जुळवण्याचं काम बहुतेकांत डावा मेंदू करतो. आरती, पाढे, वारांची नावं पाठ असल्याने ओघात येतात, शिवाय सुरांत उजव्या मेंदूचाही मोठा वाटा असतो. पण आरतीतला शब्द हवा तेव्हा सुटा काढता येत नाही, म्हणून पुढची मेहनत.

मंडळात त्यांना म्हणणाऱ्याच्या समोर बसवा, ओठ दिसले पाहिजेत. पट्टी त्यांच्या गळ्याला सोयीची, लय नेहमीच्या निम्मी. हार्मोनियम, टाळ हळू. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही तर उपयोग नाही. ओळ तीनदा झाली की शेवटच्या शब्दाला सगळ्यांनी थांबायचं. दहा सेकंद वाट पाहा. घाईने शब्द पुरवणं, ही घरोघरची चूक.

घरी रोज पंधरा मिनिटं गरजेचं एकच वाक्य घ्या : ‘पाणी दे’. सा आणि कोमल ग एवढेच सूर. ‘पा’ वरच्या सुरात म्हणजे कोमल ग, ‘णी दे’ खालच्या सुरात म्हणजे सा. त्यांचा डावा हात धरून प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप. आधी तुम्ही गुणगुणा, मग दोघं गा, मग अर्ध्यावर तुम्ही गप्प व्हा. जमलं की विचारा, ‘काय हवं?’ आणि पेला खरंच हातात द्या. हळूहळू सूर काढून साध्या बोलण्यावर आणा. १९७३ साली बोस्टनमध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे. वाक्यं कोणती, पुढे कधी जायचं, हे वाचा-उपचारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी.

प्रश्न : आई भरभर बोलते, पण अर्थ लागत नाही; आमचंही तिला कळत नाही. हेच करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : थापेची पद्धत अशा वाचाघातात फारशी लागू पडत नाही. सोबतीसाठी गायला जरूर न्या. घरी मात्र एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, आणि वस्तू किंवा चित्र दाखवून.