एचडीएमआय केबलच्या आत नेमकं काय असतं? दोन केबल दिसायला सारख्या, मग एकीवर चित्र का जातं?

तुमच्याकडे टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणाऱ्या दोन एचडीएमआय केबल आहेत, दोन्हींवर ‘४के’ छापलंय. एकीवर चित्र दर दोन-चार मिनिटांनी क्षणभर काळं होतं, दुसरी मुकाट चालते. नवी घेताना जाड, कापडी विणीची, सोन्याच्या मुलाम्याची घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

या तिन्ही गोष्टींना भुलू नका. मी काही केबलच्या कारखान्यात काम करत नाही, पण अशीच छळणारी एक केबल वैतागून कटरने उभी चिरली होती आणि तुलनेसाठी एक चांगली, नुसता प्लग मोडलेली केबलही शेजारी चिरून ठेवली होती. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आधी दोन्हींत सारखं काय होतं ते सांगतो. वरचं प्लॅस्टिक सोललं की बारीक तारांची जाळी लागते, तिच्याखाली सगळ्या गाभ्याला गुंडाळलेली चंदेरी फॉइल. ती काढली की चार छोट्या पुरचुंड्या निघतात. प्रत्येक पुरचुंडीत दोन इन्सुलेटेड तारा आणि त्यांना चिकटून एक उघडी तार, वरून स्वतंत्र फॉइल. चार त्रिक बारा. बाजूने आणखी सात तारा: पाच व्होल्ट, ग्राउंड, टीव्ही आणि प्लेअर एकमेकांची ओळख करून घेतात त्या दोन, एका रिमोटवर दोन्ही उपकरणं चालवणारी एक, ‘प्लग लागला’ हे कळवणारी एक आणि एक जादाची. बारा आणि सात एकोणीस, तेवढ्याच पिना प्लगमध्ये. इथरनेटची सोय असलेल्या केबलमध्ये या सातांपैकी दोघींची पाचवी जोडी केलेली असते. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे उलटा येतो तोही त्याच वाटेने.

या सात तारा संथ कामाच्या आहेत. खरी कसोटी चार जोड्यांची.

४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर एचडीएमआयच्या २.० आवृत्तीत तीन जोड्यांपैकी प्रत्येकीवरून सेकंदाला जवळजवळ ६ अब्ज बिट जातात, एकूण १८ गिगाबिट. चौथी जोडी घड्याळाची, म्हणजे ताल धरणारी. तारेतून सिग्नल प्रकाशापेक्षा थोडा हळू धावतो, साधारण दोन-तृतीयांश वेगाने किंवा जरा जास्त. भागाकार केला तर एक बिट तारेवर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास जागा घेतो. एचडीएमआय २.१ च्या ४८ गिगाबिटला घड्याळाची जोडीही डेटाला जुंपली जाते, चारही जोड्यांवर प्रत्येकी १२ गिगाबिट, आणि बिटची लांबी निम्म्यावर येते.

जोडीतल्या दोन तारांवरून एकच सिग्नल सुलटा आणि उलटा असा जातो आणि टीव्ही दोन्हींतला फरक वाचतो. बाहेरचा गोंधळ दोघींवर सारखाच पडतो, त्यामुळे वजाबाकीत उडतो. पण जोडीतली एक तार दुसरीपेक्षा सात मिलिमीटर लांब भरली तर? पाच मीटरच्या केबलमध्ये सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. बिटच्या हिशेबात मात्र तो पाचवा हिस्सा झाला. सुलटा आणि उलटा एकमेकांना चुकतात आणि वजाबाकी बिघडते.

दुसरी अट अंतराची. जोडीचा इम्पिडन्स, म्हणजे धावत्या सिग्नलला होणारा विरोध, १०० ओहमच्या जवळ राहायला हवा आणि तो ठरतो तारेची जाडी, दोन तारांमधलं अंतर आणि मधल्या इन्सुलेशनवर. हे मल्टिमीटरने मोजता येत नाही, त्यावर तार फक्त अखंड आहे की नाही तेवढं कळतं. चांगल्या केबलमध्ये इन्सुलेशन फेसाळ पॉलिएथिलीनचं असतं, आत हवेचे सूक्ष्म बुडबुडे, कारण हवेत सिग्नल कमी मुरतो. तोच फेस दाबला की चेपतो. केबल टेबलाच्या पायाखाली आली किंवा करकचून टाय बांधला की त्या जागी अंतर बदलतं आणि सिग्नलचा काही भाग तिथूनच मागे फिरतो. चेपलेली केबल ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० चित्रं) चालते आणि ६० ला रुसते, त्याचं कारण हेच.

आता माझ्या त्या छळवादी केबलकडे. बाहेरून बोटाएवढी जाड, विणीची, प्लग सोनेरी. आत निम्मी जागा सुती दोऱ्यांनी भरलेली! जोड्या केसाएवढ्या बारीक, जाळी इतकी विरळ की खालची फॉइल जागोजागी दिसत होती. तरी हे सगळं मी माफ केलं असतं. खरा घोटाळा प्लगमध्ये होता. वरचं मोल्डिंग फोडलं तर जोड्यांचा पीळ आणि फॉइल जवळपास तीन सेंटीमीटर मागेच सोडवलेली, तारा मोकळ्या आणि एकमेकींवरून वेड्यावाकड्या गेलेल्या. चार जोड्यांच्या उघड्या तारा आपापल्या पिनेवर जायला हव्या होत्या, त्या एकत्र वळून एकाच ठिकाणी सोल्डरचा गोळा करून डकवलेल्या. म्हणजे जवळजवळ एका बिटच्या लांबीएवढा रस्ता संरक्षणाशिवाय, आणि तो दोन्ही टोकांना.

चांगलीत हेच अंतर काही मिलिमीटरचं होतं, जोड्या सरळ येऊन छोट्याशा सर्किट बोर्डावर ओळीने बसलेल्या, वर धातूचं कवच, आणि जाळी त्या कवचाला पूर्ण गोलाकार भिडलेली. ती केबल बाहेरून बारीक होती. मला विचाराल तर केबलची लायकी या शेवटच्या दोन सेंटीमीटरमध्ये दिसते, आणि नेमकी तीच जागा मोल्डिंगखाली झाकलेली असते.

सोन्याचा मुलामा खोटा नाही. सोनं गंजत नाही, म्हणून पिनांवर त्याचा पातळ थर हवाच. बाहेरचं कवच सोनेरी केल्याने मात्र चित्रात तसूभर फरक पडत नाही.

तारेच्या धातूबद्दल लोक चुंबक लावून बघायला सांगतात. सोललेली तार चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आणि वर तांब्याचा लेप. प्लगवर लावू नका, त्याचं कवच पोलादी असू शकतं. तारेचा नुसता चंदेरी रंग बघून ती ॲल्युमिनियमची म्हणू नका, तांब्यावर कथिलाचा किंवा चांदीचा लेपही असतो, खरवडून पाहा. गंमत म्हणजे ३ गिगाहर्ट्झला (सेकंदाला ६ अब्ज बिट म्हणजे एवढाच ताल) सिग्नल तांब्याच्या वरच्या एक-सव्वा मायक्रॉन थरातूनच जातो, म्हणून पोलादावरचा तांब्याचा लेप डेटापुरता चालूनही जातो. पाच व्होल्टच्या तारेत मात्र त्याचा रोध नडतो. तारेच्या जाडीचा, म्हणजे गेजचा, आकडा उलटा असतो हेही लक्षात ठेवा: ३० गेज म्हणजे पाव मिलिमीटर, २४ गेज अर्धा मिलिमीटर. लांब केबलला जाड तार हवी.

आता घ्यायची कशी, कारण दुकानात कटर चालवू देणार नाहीत. ‘४के’ किंवा ‘२.१ केबल’ या छापील शब्दांना अर्थ नाही, आवृत्त्या उपकरणांच्या असतात. बघायचे ते शब्द ‘प्रीमियम हाय स्पीड’ (१८ गिगाबिट) आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ गिगाबिट), आणि पाकिटावरचं स्कॅन करता येणारं लेबल. तेही अधिकृत ॲपनेच स्कॅन करा, त्या लेबलच्याही नकला निघतात. १२० हर्ट्झवर गेम खेळायचे असतील तर अल्ट्रा, आणि लांबी शक्यतो तीन मीटरच्या आत. त्याहून फार लांब जायचं असेल तर साध्या तांब्याच्या मागे न लागता ऑप्टिकल केबल घ्या. तिच्या प्लगमध्येच वीज-प्रकाश बदलणाऱ्या चिप असतात, त्यामुळे ती एकाच दिशेने चालते. टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, भिंतीत घालण्याआधी वाचा.

आणि तुमची काळं होणारी केबल फेकायच्या आधी टीव्ही ३० हर्ट्झवर किंवा १०८० वर (फुल एचडी) ठेवून बघा. तिथे ती तासभर न अडखळता चालली तर जुन्या सेट-टॉप बॉक्सला अजून कैक वर्षं पुरेल.